मागच्या सीटवरून

एकोणीस वर्षं मी गाड्या विकतोय, लांग्रेओला,
नदीकाठी, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीसमोर.
गिऱ्हाईक दारातून आत आलं
की मला त्याचा हप्ता दिसतो.

कोवादोंगा आली तेव्हा काहीच दिसलं नाही.
पाठीवर काळ्या कापडी पिशवीत सेलो,
तिच्या डोक्यावरून वीतभर वर डोकावणारा.
म्हणाली, "आधी हा बसला पाहिजे. मग मी."

आठवड्याला पाच शाळा शिकवते. पाच गावं, मध्ये दोन घाट.
जुन्या गाडीला रिव्हर्स पडत नाही,
म्हणून ती गाडी नेहमी चढाकडे नाक करून लावते
आणि निघताना ब्रेक सोडते.
चार वर्षं लोकांच्या लग्नात वाजवून जमवलेले
तेरा हजार चारशे युरो.
"वर एक सेंट नाही."
मग जरा थांबून, जिन्नस उधार मागावा तशा आवाजात:
"पण चालवायला मजा आली पाहिजे हो."

माझ्या फॉर्मवर रकाने असतात:
डिकी. अ‍ॅव्हरेज. विमा. टायर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी रोजच सांगतो लोकांना.
पण त्याच पायांना
क्लच दाबताना गुदगुल्या व्हाव्यात
असं मागणारं कुणी आलं नव्हतं.

पांढरी दाखवली. ऐसपैस, गुणी,
स्टिअरिंग फिरवलं की घरच्यांना विचारून वळणारी.
ती चौकातूनच परत आली.
करडी दाखवली. बुटकी, चपळ, मांजराची जात.
तिच्यात सेलोची मान खिडकीबाहेर,
आणि आमच्याकडे पाऊस वर्षात दोनशे दिवस.

मग कोपऱ्यातली.
कुणाच्या तरी चुकीनं मागवलेला मोहरीसारखा पिवळा रंग,
चौदा महिने जागची न हललेली.
आमचे मालक बेनिग्नो तिला 'कावीळ' म्हणतात.
मागच्या काचा हातानं फिरवायच्या,
पडदा पोस्टकार्डाएवढा,
पण गिअरचा दांडा बघा, मी म्हणालो,
लोण्यातून सुरी.
(हे मी सगळ्याच गाड्यांना म्हणतो.
या वेळी खरं होतं.)

सेलो पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
मी मागे, गुडघे हनुवटीशी,
माझ्या कानाला त्याच्या मानेचा टेकू.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिनं चपला काढल्या.
पाचव्या वळणावर दुसरा गिअर टाकला,
बाहेर पडताना तिसरा,
आणि पिशवीच्या आतून
कुणीतरी घशातल्या घशात गुणगुणलं.

मी दचकलो. तिनं पाय उचलला. गप्प.
पाय दाबला. पुन्हा.
इंजिन एका ठरावीक वेगाला पोचलं
की सर्वांत जाड तार जागी व्हायची.
"ऐकलंत?" ती म्हणाली. "हिला 'दो' येतो!"
आणि मग वरपर्यंत,
गाई, धुकं, चेस्टनटची ओली पानं, एक चिडलेला ट्रकवाला,
ती एकच सूर धरत आणि सोडत गेली,
पोरीनं नवीन शिट्टी वाजवावी तशी.
मला मळमळत होतं.
उतरूया, असं मात्र म्हटलं नाही.

खाली आलो. पाटीवर तेरा हजार नऊशे.
तिनं पाटी वाचली आणि सेलोचा पट्टा सोडवायला लागली.
मी आतून मालकांना फोन लावला.
"कावीळ जातेय. पाचशे कमी."
पलीकडे चमचा कपात फिरत राहिला बराच वेळ.
"पायपुसण्या देऊ नकोस," ते म्हणाले.

पायपुसण्या मी दिल्या.

सह्या झाल्या, किल्ली दिली,
आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो,
त्याचा हप्ता दारातच दिसला होता.
काचेतून पाहिलं तर ती अजून आवारातच.
रिव्हर्स टाकते, मागे येते.
पुढे जाते. पुन्हा मागे.
मध्ये काही नाही, मागे कुणी नाही,
जागा भरपूर.
पुन्हा मागे.